घाम येऊ द्या, पण अंगावर वाळू देऊ नका

ताई, तुम्हाला एटोपिक एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी पडून पुन्हा पुन्हा खाज सुटण्याचा आजार आहे, घाम आला की मान आणि कोपराची आतली घडी पेटते, म्हणून संध्याकाळचं चालणं सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका. मला हा आजार लहानपणापासून आहे आणि मी चालते.

त्रास होतो तो मुख्यतः अंगावर राहिलेल्या घामाचा. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि खाजवून सोललेल्या जागी चरचरतं. शिवाय मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते. तिचं एक प्रथिन घामात उतरतं आणि एटोपिकवाल्या बऱ्याच जणांना त्याचीच अ‍ॅलर्जी असते. हिरोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे दाखवलं. तेव्हा घरचे "घामाने कुठे एवढी खाज येते का" म्हणाले, तर खुशाल सांगा की येते.

पण घामातलं लॅक्टेट आणि युरिया त्वचेत ओल धरून ठेवतात, त्यातलं डर्मसिडिन नावाचं प्रथिन जंतूंना आवर घालतं. आपल्यापैकी अनेकांना मुळात घाम कमी येतो, त्वचा कोरडी पडण्याचं तेही एक कारण. म्हणून घाम टाळायचा नाही, तो वेळेवर काढायचा.

घरी आल्या आल्या कोमट पाणी अंगावर घ्या, दरवेळी साबण नको. मऊ पंच्याने टिपा, घासू नका. त्वचा ओलसर आहे तोवरच मॉइश्चरायझर लावा; थोडा वेळ पंख्याखाली बसून मग लावू म्हटलं की त्याचा निम्मा उपयोग गेला. प्रवासात ओला रुमाल जवळ ठेवा, मानेवर आणि घडीत नुसता दाबून धरला तरी आग शमते. कपडे सुती, सैल. पुरळ जोरात असेल, त्वचेतून पाणी पाझरत असेल, तर ती शांत होईपर्यंत चालणं सकाळच्या गारव्यात हलवा.

एक मात्र तपासून घ्या. चालायला लागल्यावर काही मिनिटांत टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठून तासाभरात जिरत असतील, तर तो एक्झिमा नसून घामाचं पित्त असू शकतं, त्याचं औषध वेगळं. आणि जांघेत कडा उठलेला गोल चट्टा असेल तर बहुधा नायटा. त्यावर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. खाज दबते, नायटा पसरत जातो, आणि मग डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड होतं.