तार्तूला यंदा यावे की थांबावे?

एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात प्रवेश यंदाच घ्यावा, की आजींची प्रकृती पाहता एक वर्ष थांबावे, असे आपण विचारले आहे. थांबल्यास इथले काही कायमचे हुकेल का, ही शंकाही मांडली आहे.

हुकेल, हे आधीच सांगतो. एस्टोनियन भाषेत 'कोर्दुमातु' हा शब्द आहे. जे पुन्हा तसेच घडणार नाही ते कोर्दुमातु. इथल्या ऋतूंना तो अक्षरशः लागू पडतो. हिवाळा पुरेसा कडक असला तरच रोहुक्यूलापासून हियुमा बेटावरील हेल्टेरमापर्यंत गोठलेल्या समुद्रावर सुमारे २६ किलोमीटरचा रस्ता खुला होतो, आणि कित्येक हिवाळे तो उघडतही नाही. बर्फ फुटल्यास चटकन बाहेर पडता यावे म्हणून त्यावर सीटबेल्ट लावत नाहीत. गाडी मध्ये थांबवायची नसते, आणि ताशी २५ ते ४० किलोमीटर हा वेग टाळतात, कारण त्या वेगात बर्फाखालच्या पाण्यात उठणारी लाट गाडीबरोबर चालत राहून बर्फाला तडे पाडू शकते. सोमा राष्ट्रीय उद्यानातील पुराला लोक 'पाचवा ऋतू' म्हणतात. रस्ते बुडाले की होडीने ये-जा होते, पण पाणी किती चढेल हे दरवर्षी निराळे. १८६९ मध्ये तार्तूतच सुरू झालेल्या गीतमहोत्सवाचे अलीकडचे मुख्य सोहळे ताल्लिनमध्ये २०१९ आणि २०२५ साली झाले. त्यांची वाट वर्षानुवर्षे पाहावी लागते.

तरीही माझे मत थांबण्याच्या बाजूचे आहे. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उणा एस्टोनिया येत नाही, वेगळा येतो. ज्याला बर्फाचा रस्ता लाभला नाही, त्याला कदाचित मोठा पूर दिसेल. आजींच्या सोबतीचे हे वर्ष मात्र इथल्या कोणत्याही हिवाळ्याहून अधिक कोर्दुमातु आहे, आणि त्याची भरपाई दुसऱ्या कशाने होणार नाही. आपण स्वतःच लिहिले आहे की संध्याकाळी त्या आपल्याच हातून जेवतात. माझ्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे आहे.

प्रवेश पुढे ढकलता येतो की नव्याने अर्ज करावा लागतो, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे. जेव्हा याल तेव्हा शक्यतो ऑगस्टअखेर यावे, म्हणजे डिसेंबरमधील जेमतेम साडेसहा तासांचा दिवस एकदम अंगावर येणार नाही.