मूससाठी रायफल कुठली? आणि आमच्या डुकराला तीच चालेल का?

या खेपेला तीन पत्रं घेतलीत, तिन्ही बोल्ट अॅक्शनवरचीच, म्हणजे दर बारानंतर हाताने खिट्टी (बोल्ट) मागे-पुढे ओढून नवं काडतूस भरायच्या रायफलीवरची. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यात बोलण्यासारखं खूप आहे, बाकीची दोन थोडक्यात.

राजापूर तालुक्यातून एक वडील लिहितात: नमस्कार काका. मुलगा कॅनडात न्यूफाउंडलंडला आहे, सेंट जॉन्सला, नुकताच पीआर मिळाला. तिथले ऑफिसातले सगळे मूस (सांबरापेक्षा कितीतरी मोठं हरीण) मारायला जातात, आता हा पण जाणार म्हणतो. कॅरिबू (थंड मुलखातलं हरीण) आणि काळं अस्वल पण आहे म्हणे तिकडे. त्याला एकच बोल्ट अॅक्शन रायफल घ्यायचीय, सगळ्याला चालेल अशी. दुकानदार .३०० मॅग्नम (जास्त दारूचं, जास्त जोराचं काडतूस) गळ्यात मारतोय, म्हणतो मूस मोठा असतो, मोठीच घे. मुलगा पाच फूट पाच इंच, वजन ५८ किलो, जन्मात बेचकीशिवाय काही चालवलेलं नाही. आमच्या घरात कोणी उंदीरसुद्धा मारत नाही, त्यामुळे त्याची आई धुसफुसतेय ते वेगळंच. काय सांगू त्याला?

उत्तर: दादा, आधी वहिनींसाठी दोन ओळी. न्यूफाउंडलंड बेटावर मूस मुळात नव्हताच, १९०४ साली न्यू ब्रन्सविकहून चार जनावरं आणून सोडली आणि त्यांची आज लाखाच्या घरात प्रजा झालीय. तिथला लांडगा गेल्या शतकातच संपला, मग खाणारं कोण उरलं? माणूस आणि थोडंफार अस्वल. म्हणून सरकार दरवर्षी ड्रॉ काढून परवाने देतं, कुठल्या भागात किती जनावरं ते ठरवून. आणि लोक मांस फ्रीजरमध्ये भरून वर्षभर खातात, आपण आगोटीला सुकी मासळी भरतो तसं. पटो न पटो, पण ही चोरटी शिकार नाही एवढं वहिनींना सांगा.

आता रायफल. दुकानदाराचं ऐकू नका. मी लष्करात आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या रायफली उघडून बघण्यात गेली, त्यात एक गोष्ट पक्की कळली की नेम चुकतो तो रायफलीमुळे कमी आणि धक्क्याच्या भीतीने जास्त. रंगरूट पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री उडवतो, खांदा निळा होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि खांदा पुढे ढकलतो, त्याला कळतपण नाही. उस्ताद मग गुपचूप एक नकली राऊंड मॅगझिनमध्ये घालायचा, बार होत नाही पण नळी मात्र हातभर खाली जाते, सगळी प्लाटून हसते. तुमच्या ५८ किलोच्या मुलाला .३०० मॅग्नम दिली तर त्याचं हेच होणार, फक्त तिथे हसायला प्लाटून नसेल, जखमी मूस असेल दलदलीत.

आकडेच बघा. .३०-०६ (थर्टी ऑट सिक्स म्हणतात) ही १९०६ची अमेरिकन लष्करी गोळी, १८० ग्रेनचं बुलेट सेकंदाला साधारण ८२० मीटरने सोडते. .३०० विनचेस्टर मॅग्नम तेच बुलेट ९०० मीटरने सोडते. वेग वाढला दहा टक्के आणि धक्का वाढला तिसऱ्या हिश्शाने, हा सौदा मला तरी आतबट्ट्याचा वाटतो. लांब उघड्या डोंगरात तीनशे-चारशे मीटरवर मारायचं असेल तर त्या दहा टक्क्यांना अर्थ आहे, पण न्यूफाउंडलंडच्या झाडोऱ्यात मूस बहुतेक वेळा शंभर-दीडशे मीटरच्या आतच दिसतो. आणि १८० ग्रेन म्हणजे किती माहितीय का, बरोबर एक तोळा! आपला जुना तोळा १८० ग्रेनचाच धरलेला होता. सोनाराच्या तराजूत ठेवलं तर एक तोळा शिसं आणि तांबं, एवढंच त्या चारशे-पाचशे किलोच्या जनावराला पुरतं, जागेवर बसलं तर.

म्हणून माझं मत .३०८ विनचेस्टर किंवा .३०-०६, दोन्हींतलं कुठलंही. .३०८ ही १९५२ची, थोडी आखूड, म्हणून अॅक्शन (बोल्ट सरकतो तो भाग) आखूड, रायफल जराशी हलकी आणि धक्का थोडा कमी. .३०-०६ला जड बुलेट जास्त चांगलं मानवतं. दोन्हींची काडतुसं तिकडे गावोगावच्या दुकानात मिळतात, आणि हा मुद्दा लोक विसरतात हो, भारीतलं कॅलिबर (गोळीचं माप) घ्यायचं आणि पेटी संपली की शहरात जायचं. .२७० (१९२५ची) पण चालते, मूसला नीट मारते. ६.५ क्रीडमूर २००७ पासूनची, सगळे तिच्या प्रेमात आहेत, धक्का खरंच मऊ, कॅरिबूला उत्तम, मूसलाही पुरते पण बुलेट चांगलं पाहिजे आणि फटका फुप्फुसात. .२४३ मी मूसला देणार नाही. आणि .३७५ वगैरे विसरा, ती १९१२ साली आली ती आफ्रिकेतल्या रानरेड्यासाठी आणि हत्तीसाठी.

बुलेट कुठलं ते मात्र नीट विचारून घ्यायचं. रेंजवर कागद फाडायचं स्वस्त बुलेट मूसच्या खांद्याच्या हाडावर फुटून विखुरतं आणि आत जात नाही. बाँडेड म्हणजे आतलं शिसं वरच्या तांब्याला चिकटवलेलं, नाहीतर मध्ये भिंत असलेलं पार्टिशन पद्धतीचं, नाहीतर अख्खं तांब्याचं, या तिघांतलं एक. जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं आणि पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात मारायचं. मूस गोळी लागूनसुद्धा काही पावलं चालतो, म्हणून पहिला बार लागला तरी बोल्ट ओढून दुसरा तयार ठेवायचा, गंमत बघत उभं राहायचं नाही.

आता मेक. खरं सांगू, आजकाल चांगल्या कंपनीची साधी बोल्ट अॅक्शनसुद्धा आमच्या काळच्या रायफलींपेक्षा बारीक मारते. फिनलंडची टिक्का टी३एक्स मला स्वतःला आवडते, बोल्ट लोण्यासारखा चालतो. सॅव्हेज ११० ही १९५८ पासून चालत आलेली आणि स्वस्तातली, रुगर अमेरिकन त्याहून साधी. विनचेस्टर मॉडेल ७० (१९३६) मध्ये माऊझरची ती मोठी नखी आहे, १८९८ सालच्या जर्मन माऊझरवरून घेतलेली, बोल्ट पुढे जाताना काडतूस नखीत धरून नेते, म्हणून घाईत अर्धा बोल्ट ओढून पुन्हा ढकलला तरी दोन काडतुसं अडकत नाहीत. रेमिंग्टन ७०० (१९६२) आणि टिक्का काडतूस नुसतं पुढे ढकलतात. यावर लोक रात्र रात्र भांडतात. अंगावर येणारा रानरेडा असेल तर मी नखीच्या बाजूने, मूससाठी काही फरक पडत नाही.

फरक कशाने पडतो तर पाण्याने. आणि इथे आपण कोकणातली माणसं शहाणी ठरतो. सेंट जॉन्स म्हणजे धुकं, खारा वारा, पाऊस, थोडक्यात बारा महिने आपला आषाढ पण थंड. तुमच्या घरच्या खिडकीच्या बिजागऱ्या आठवा, तसंच नळीचं होतं. म्हणून स्टेनलेस नळी आणि प्लॅस्टिकचा दस्ता, दिसायला भिकार असला तरी. अक्रोडाचा लाकडी दस्ता फार देखणा पण पाणी पितो, फुगतो, नळीला एका बाजूने टेकतो आणि सकाळी साधलेला नेम दुपारी चार बोटं सरकतो. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघायची, कुठेही अडकली नाही तर नळी मोकळी आहे. स्टेनलेसही गंजते बरं, फक्त सावकाश. घरी आल्यावर लगेच गरम खोलीत आणून पिशवीत बंद करून ठेवू नये, घाम सुटतो, आधी पुसून वाळवायची, मग चिंधीला तेल लावून नळीतून फिरवायची. नळीच्या तोंडाला इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावून ठेवला तर पाऊस आणि चिखल आत जात नाही.

दस्त्याची लांबी पण बघा. कारखान्याचा दस्ता साधारण साडेतेरा इंचाचा, सहा फुटी माणसाच्या हिशोबाचा, वर थंडीतलं जाड जॅकेट. तुमच्या मुलाने दुकानात जॅकेट घालूनच खांद्याला लावून बघावी, डोळे मिटून उचलायची आणि उघडायचे, रायफलीवरच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण गोल दिसलं तर मापाची आहे. मान ताणावी लागत असेल तर दस्ता लांब आहे, कापून घ्यावा, त्यात लाज कसली. दुर्बीण ३ ते ९ पटीची, ४० मिलिमीटरची, पुरे. डोळ्यापासून साडेतीन इंच लांब बसवायची, नाहीतर भुवई फुटते आणि महिनाभर सगळ्यांना कळतं काय झालं ते. रायफलीत वाचवलेले पैसे दुर्बिणीत घाला आणि दुर्बिणीत वाचवलेले काडतुसांत. पहिल्या सीझनच्या आधी शंभर राऊंड तरी उडवू दे, तेही टेबलावर टेकून नाही, बसून आणि गुडघ्यावर. डावखुरा असेल तर डावी रायफल मागवा, उजवा बोल्ट डाव्या हाताने ओढायची कसरत नको.

कागदपत्रं तिथली वेगळी: सेफ्टीचा आणि शिकारीचा कोर्स, मग पीएएल नावाचं बंदूक बाळगायचं लायसन्स, ड्रॉ वेगळा. घरी रायफल रिकामी आणि कुलपात. आणि गणपतीला येताना बॅगेत घालून आणू का असं विचारेल तर फोनवरच ओरडा.

लांज्याहून एक काजू-आंबा बागायतदार: काका, डुकरांनी उच्छाद मांडलाय, भाताचं वाटोळं केलं, आता गवे पण यायला लागलेत. माझ्याकडे शेतीसंरक्षणाची बारा बोअर सिंगल बारी (एका नळीची छऱ्यांची बंदूक) आहे. ती देऊन .३१५ बोल्ट अॅक्शन घ्यावी का? जावई म्हणतात .३०-०६ घ्या.

उत्तर: जावयांना म्हणावं जेवा आणि गप्प बसा. पहिलं, गव्याचं नावसुद्धा काढू नका, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यासाठी वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा करून भरपाई मागायची. डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे पीक खाल्लं म्हणून आपण होऊन बार टाकता येत नाही, वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात पाहिजे. बंदुकीचा परवाना आणि मारायची परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत, आपल्याकडे निम्मे लोक इथेच फसतात.

दुसरं, .३१५ वाईट नाही. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची, ली-एनफील्डच्या घडणीची, जड संथ बुलेटची, मजबूत आहे. पण तुमची बाग कातळावर. डुक्कर दिसणार तीस-चाळीस पावलांवर, रात्री, बॅटरीच्या उजेडात. रायफलीची गोळी डुकरातून आरपार जाऊन जांभ्यावर आपटली की कुठे जाईल ते देवाला ठाऊक, आणि ती दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. खालच्या वाडीत माणसं झोपलीत. त्या अंतराला बारा बोअरचं एल.जी. (मोठ्या छऱ्यांचं) काडतूस बरं, तेसुद्धा मागे मातीचा बांध असेल तरच. सिंगल बारी ठेवा. फासकी तर अजिबात लावू नका, डुकराऐवजी बिबट्या अडकतो आणि मग सगळी वाडी कोर्टात.

वेंगुर्ल्याहून: वडिलांची जुनी .३१५ आहे, ते गेल्या वर्षी वारले. बोल्ट गंजून गेलाय. ओळखीच्या एकाकडे दुसऱ्या रायफलीचा बोल्ट पडून आहे, तो बसवला तर चालेल?

उत्तर: नाही, नाही आणि नाही. बोल्ट आपापल्या रायफलीला जुळवलेला असतो, काडतुसाच्या बुडामागे किती जागा राहते त्यावर सगळं अवलंबून. ती जास्त झाली तर पितळी केस फाटून गॅस मागे येतो, थेट तोंडावर. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एक आहे का बघा, वेगळा असेल तर तुमच्या वडिलांच्या आधीच कुणीतरी हा उद्योग करून ठेवलाय. पण त्याआधीचं महत्त्वाचं म्हणजे परवाना वडिलांच्या नावाचा होता, ते गेले, मग वर्षभर रायफल घरात कशी? उद्याच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज टाका. गंजाचं नंतर बघू, आणि तोपर्यंत त्याच्यावर खोबरेल तेल चोळू नका, ते सुकून चिकट होतं आणि बोल्ट आणखी जाम होतो.