लेकरू सैनिकी शाळेत चाललंय

सैनिकी शाळांचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. परीक्षेची चौकशी मागं पडते आणि ट्रंकेत काय भरायचं, पोरगं राहील का, असं विचारणारी पत्रं येऊ लागतात. या अंकात मुख्यतः त्याच पत्रांना जागा दिली आहे.

मुलगा सहावीला सैनिकी शाळेत चालला आहे. घरात एकुलता एक. तिथला दिवस कसा असतो आणि तोवर घरी काय तयारी करून घ्यावी? (एक आई, मानवत)

ताई, वेळा शाळेगणिक पाव-अर्धा तास मागंपुढं होतात, पण साचा एकच. पहाटे साडेपाचच्या सुमाराला उठवतात. सहाला मैदानावर पीटी किंवा परेड. मग अंघोळ, नाश्ता, परिपाठ आणि दुपारपर्यंत तास. जेवणानंतर थोडी विश्रांती, साडेचारला खेळ, संध्याकाळी हजेरी, पुढं दीड-दोन तास ‘प्रेप’, म्हणजे आपापल्या जागी गप्प बसून अभ्यास. रात्री मेसमध्ये जेवण आणि दहाच्या आत दिवे बंद.

पोरांना जड जातात ती उठल्यानंतरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात शौचालयाच्या रांगेत थांबायचं, दात घासायचे, चादर ताणून ब्लँकेटची घडी घालायची, पीटीचे कपडे-बूट चढवायचे आणि ‘फॉल इन’ला ओळीत उभं राहायचं. ज्याला नुसत्या नाड्या बांधायला तीन मिनिटं लागतात, तो रोज उशिरा पोचतो. उशीर एकाचा आणि मैदानाची फेरी अख्ख्या हाऊसला, म्हणजे वसतिगृहातल्या त्याच्या गटाला. मग खोलीत आल्यावर बाकीची पोरं त्याच्यावर राग काढतात. हुशार पोरगं पहिल्या महिन्यात रडकुंडीला येतं ते बहुतेक वेळा यामुळं, गणितामुळं नाही.

म्हणून आजपासून त्याचं काही शोधून देऊ नका, हातात आणून देऊ नका. घड्याळ समोर ठेवून पंचवीस मिनिटांत सगळं उरकायला लावा. पहिला आठवडा जमणार नाही, तरी मध्ये पडू नका. बनियन, चड्डी, मोजे धुऊन पिळून वाळत घालणं, नखं काढणं, ताट घासणं आणि बटण लावणं त्याला आलंच पाहिजे. बटणाला दोरा दुहेरी घ्यायचा, प्रत्येक भोकजोडीतून तीनदा सुई काढायची आणि शेवटी कापड व बटण यांच्यामध्ये दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. वेढे दिले नाहीत तर बटण कापडाला घट्ट बसतं, काज्यात ओढून घालावं लागतं आणि पंधरा दिवसांत तुटतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. सकाळच्या रांगेला कंटाळून पोरं शौचाला जाणंच टाळतात. त्यात घरची भाकरी सुटलेली, पाणी कमी. आठवड्याभरात पोट कडक होतं, जेवण जात नाही आणि फोनवर ‘पोटात दुखतंय’ सुरू होतं. उठवण्याच्या दहा मिनिटं आधी उठून मोकळं व्हायची आणि प्रत्येक जेवणाआधी ग्लासभर पाणी प्यायची सवय आत्ताच लावा.

ट्रंक केवढी घ्यावी? यादीत ड्रिलचे बूट आहेत, ते वाढत्या अंगाचे घेतले तर चालतील का? (एक वडील, उदगीर)

ट्रंक खाटेखाली जाईल एवढीच. घेण्याआधी शाळेला उंची विचारा. कुलपाची एक किल्ली मुलाच्या गळ्यात आणि दुसरी हाऊसमास्तरांकडं. धोब्याकडून कपडे तीन-चार दिवसांनी येतात, पावसाळ्यात आणखी उशिरा. त्यामुळं बनियन, चड्ड्या आणि मोज्यांचे जोड प्रत्येकी सहाच्या खाली नकोत. मिळालेला क्रमांक प्रत्येक कपड्यावर आतून लाल दोऱ्यानं शिवा. पेनानं लिहिलेला चार धुण्यांत उडतो आणि मग एकाच मापाच्या पन्नास पांढऱ्या बनियनांत आपली कोणती ते कळत नाही.

बूट वाढत्या अंगाचे मुळीच नकोत. सैल बुटात टाच वर-खाली घासते आणि दुसऱ्याच परेडला फोड येतो. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. शाळेतलेच जाड मोजे घालून पोराला उभं करा. पुढं अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. मग रोज अर्धा तास असे दोन आठवडे घरात घालायला लावा. नवेकोरे बूट थेट परेडच्या मैदानावर नकोत.

पॉलिशही शिकवूनच पाठवा. आधी चिखल-धूळ कोरड्या ब्रशनं झाडायची आणि ओलसर फडक्यानं पुसून बूट वाळू द्यायचा. पॉलिशचा थर अगदी पातळ लावायचा. पाच मिनिटांनी ब्रश मारायचा. मग जुन्या सुती बनियनचा तुकडा बोटाला ताणून गुंडाळायचा, त्यावर पाण्याचा एक थेंब आणि किंचित पॉलिश घेऊन टाचेवर व चवड्यावर लहान-लहान गोल फिरवायचे. पहिल्यांदा बूट धुरकट दिसतो. तिथं पोरं घाबरून आणखी पॉलिश थापतात. जाड थर वाळला की चिरतो आणि सगळी धूळ धरून ठेवतो. पातळ तीन-चार थरांनंतर चमक आपोआप वर येते. भिजलेला बूट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला तर चामडं कडक होऊन तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचा आणि बोळे ओले झाले की बदलायचे.

माझ्याकडं जिल्हा परिषद शाळेतली दोन हुशार मुलं आहेत. सैनिक स्कूलची परीक्षा मराठीतून देता येते का? (एक शिक्षक, परंडा)

गुरुजी, सहावीच्या प्रवेशाची देता येते. नववीची मात्र फक्त इंग्रजीतून होते. आधी नावातला फरक पालकांच्या लक्षात आणून द्या. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या सैनिक स्कूल सोसायटीची महाराष्ट्रातली स्वतःची दोन सैनिक स्कूल म्हणजे 1961 सालचं सातारा आणि 2019 साली सुरू झालेलं चंद्रपूर. आपल्या जिल्ह्यांतल्या ‘सैनिकी शाळा’ राज्याच्या योजनेतल्या आहेत, तिथला प्रवेश वेगळा. केवळ पाटीवर ‘मिलिटरी’ लिहिलेल्या शाळांपासून सावध राहा. अकरा आकडी यूडायस (सरकारी शाळानोंदणीचा) क्रमांक, मंडळाची मान्यता, एनसीसीचं पथक आणि वसतिगृहात रात्री मुक्कामाला कोण असतं, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू देऊ नका.

सैनिक स्कूलसाठी सहावीला वय प्रवेशाच्या वर्षी 31 मार्चला 10 ते 12 च्या दरम्यान हवं. पेपर 300 गुणांचा, 125 प्रश्न, वेळ 150 मिनिटं. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 3 गुणांचे, म्हणजे निम्मा पेपर गणिताचाच. बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांचे 25-25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा उत्तरपत्रिकेवरचा एकही गोल रिकामा सोडायचा नाही. मात्र एक प्रश्न वगळून पुढं जाताना खालचे सगळे गोल एका ओळीनं सरकतात आणि येणारी उत्तरंही जातात. दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक ताडून पाहायची सवय छापील उत्तरपत्रिकेवरच करून घ्या, वहीवर ती लागत नाही.

कागदपत्रांत जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. अधिवासाचा दाखला आधीच काढा. ओबीसी असल्यास नॉन-क्रिमिलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याचं जोडलं म्हणून ऐनवेळी धावपळ होते.

तिथं गेल्यावर शिक्षण इंग्रजीतून. पहिल्या सहामाहीत मराठी माध्यमाच्या पोराचे गुण पडतातच, त्याला आणि पालकांना हे आधीच सांगा. उन्हाळ्यात गणित-विज्ञानातले दोनशे शब्द (डिनॉमिनेटर, परिमिटर, फोटोसिंथेसिस) उच्चारासकट पाठ झाले तर वर्गात निम्मं ओझं उतरतं. संकल्पना त्याला येतच असते, अडतो तो शब्दाला.

दिवाळीला घरी आलेल्या मुलाच्या बोटांच्या बेचक्यात आणि कमरेला पुरळ आहे, रात्री फार खाजवतो. मेडिकलवरून मलम लावलं, पण परत होतं. (बदनापूर)

वर्णनावरून खरूज वाटते; डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. दुकानातून परस्पर घेतलेल्या मिश्र मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं खाज दबते, किडा मरत नाही. खरुजेवर डॉक्टर सहसा 5 टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. नुसतं पुरळावर लावून भागत नाही. रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत सगळ्या अंगाला लावायचं. नखांखाली, बेंबीत, काखेत, जांघेतही. आठ ते चौदा तासांनी अंघोळ आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा. त्याच दिवशी कपडे, चादर, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. धुता न येणाऱ्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा.

परत का होतं? पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार-सहा आठवडेही लागतात. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला खाज नाही म्हणून त्याला औषध दिलं जात नाही आणि तोच पुन्हा देतो. घरातल्या सगळ्यांनी आणि सुट्टीनंतर त्या खोलीतल्या सगळ्या मुलांनी एकाच रात्री औषध लावायला हवं. हाऊसमास्तरांना आत्ताच फोन करा, यात लाजण्यासारखं काहीही नाही. उपचारानंतर दोन-तीन आठवडे थोडी खाज राहू शकते. तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा मलम थापू नका.

मुलगा अकरा वर्षांचा आहे, महिन्यातून दोन-तीनदा अंथरूण ओलं करतो. शाळेला सांगितलं तर प्रवेश जाईल का? (नाव, गाव नको)

लपवू नका. हे मुद्दाम होत नाही, आळसही नाही. या वयातल्या आणखीही काही मुलांना होतं आणि बहुतेकांचं वयानुसार थांबतं. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता ही दोन कारणं उपचारानं जातात. मग हाऊसमास्तर आणि मेट्रन (वसतिगृहात मुलांची देखभाल करणाऱ्या बाई) या दोघांनाच खासगीत सांगा. खालची खाट, गादीवर रबरी कापड, दोन जादा चादरी आणि रात्री गस्तीच्या वेळी एकदा उठवणं, एवढ्यावर काम भागतं. पाणी दिवसभर भरपूर प्यायला सांगा, कमी करायचं ते झोपण्याआधीच्या दोन तासांत. लपवलं आणि खोलीतल्या पोरांना पहिल्यांदा सकाळी कळलं, तर चिडवायचं नाव त्याला वर्षानुवर्षं चिकटतं. त्याच्यासाठी तुम्ही आत्ता बोललंच पाहिजे.

रविवारी फोनवर रडतो, ‘घेऊन जा’ म्हणतो. काय करावं? (जिंतूर)

पहिले तीन-चार आठवडे बहुतेक सगळे रडतात. ‘दिवाळीला बघू’ असं अर्धवट आश्वासन देऊ नका, तो त्याच आशेवर बसून राहतो. ‘कसा आहेस?’ विचारलं की रडू फुटतं. त्याऐवजी नेमकं विचारा, मेसमध्ये शेजारी कोण बसतो, खेळात काय मिळालं. मधल्या वारी अंतर्देशीय पत्र टाका. उशीखाली ठेवायला ते असतं, फोन नसतो.

मात्र महिन्यानंतर रडणं वाढलं, वस्तू सारख्या हरवू लागल्या, अंगावर वळ दिसले किंवा एखाद्या सीनियरचं नाव निघताच तो गप्प झाला, तर ते घरच्या ओढीचं रडणं नाही. त्याच आठवड्यात जाऊन समोरासमोर भेटा, मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

मुलगा दहावीत आहे, सैनिकी शाळेत नव्हता. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) वाट बंद झाली का? (हदगाव)

अजिबात नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून मुलं निवडतात आणि अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. जाहिरात दहावीच्या वर्षातच येते, निकालाची वाट पाहत बसू नका. तिथं निवड झाली नाही तरी एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा असते: गणित 300, सामान्य क्षमता 600 आणि पुढं एसएसबीचे, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीचे, 900 गुण. अकरावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित सोडू देऊ नका. ते नसेल तर एनडीएतून फक्त लष्कराची शाखा उरते. आणि दात, कान, डोळे आत्ताच तपासून घ्या. किडलेली दाढ भरायला दोन फेऱ्या लागतात. वैद्यकीय तपासणीचं पत्र हातात पडल्यावर तेवढाही वेळ मिळत नाही.