पाण्याच्या चाचणीत अडकलेली गाडी

प्रश्न : ताई, झ्युरिकच्या विद्यार्थ्यांच्या इलेक्ट्रिक गाडीने २०२३ मध्ये ० ते १०० किमीचा वेग ०.९५६ सेकंदात गाठला. ते पाहून आमच्या टीमने फॉर्म्युला स्टुडंटसाठी (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) पेट्रोल सोडून इलेक्ट्रिक गाडी बांधली. वजन वाचवायला इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा भाग) डब्याचं झाकणही १ मिमी जाडीचं केलं. सरावात गाडी पाच महिने छान पळाली. स्पर्धेत मात्र पाण्याच्या चाचणीत आयएमडीने (इन्सुलेशनवर नजर ठेवणारं उपकरण) ती दोनदा बंद पाडली आणि आम्ही ट्रॅकवर गेलोच नाही. ऊन पडलेलं असताना हा नियम अतीच नाही का?
– तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : नाही, अती नाही. आणि हे मी तुझं दुःख पुरतं ओळखून लिहिते आहे. आमच्या टीमची हाय व्होल्टेजची जबाबदारी दोन वर्षं माझ्याकडे होती. पहिल्या वर्षी आमचीही गाडी इथेच अडकली. शेजारच्या टीमच्या गाड्या सुटत होत्या आणि मी नारिंगी केबल हातात धरून रडत होते.

या गाड्यांत ६०० व्होल्टपर्यंत परवानगी असते. बॅटरीचा कुठलाही ध्रुव चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेला नसतो. त्यामुळे एका जागी इन्सुलेशन गेलं तरी काहीच जाणवत नाही. गाडी पळत राहते. पण तेवढ्याने चासी एका ध्रुवाशी जोडली गेलेली असते. आता कुणाचा हात दुसऱ्या ध्रुवाला लागला, की विजेचा मार्ग शरीरातून पूर्ण होतो. आयएमडी पहिल्याच बिघाडावर वीज तोडतं ते यासाठी. इन्सुलेशनचा रोध किमान किती हवा, त्याची मर्यादा व्होल्टमागे ५०० ओहम, म्हणजे गाडी ४०० व्होल्टची असेल तर २ लाख ओहम. चाचणीत १२० सेकंद पाणी मारतात आणि नंतर आणखी १२० सेकंद वाट पाहतात, कारण पाणी सावकाश झिरपतं. तुमची गाडी कोरडी असताना पाच महिने पळाली, एवढंच त्या पाच महिन्यांत सिद्ध झालं.

मला संशय त्या झाकणाचा आहे. स्क्रू आवळले की पातळ पत्रा स्क्रूपाशी दबतो आणि दोन स्क्रूंच्या मधे उचलला जातो. गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची सील, तिथे नुसतं पडून राहतं. आम्ही त्यावर सिलिकॉन थापत बसलो, एक अख्खी रात्र, आणि सकाळी परत नापास. शेवटी झाकणाच्या कडा दुमडून घेतल्या आणि स्क्रू जवळजवळ लावले, तेव्हा पाणी थांबलं. त्यात वाढलेलं वजन किरकोळ होतं. दुसरी जागा म्हणजे डब्यात केबल शिरते ती. तिथल्या ग्लँडच्या (केबलभोवती आवळायचं बूच) मापापेक्षा केबल बारीक असली तर ग्लँड कितीही आवळा, उपयोग नाही. केबल आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या. थेंब झोळातून गळून जातो.

हे सगळं करून स्पर्धेच्या दोन महिने आधी स्वतःच पाणी मारून बघा. पाणी मारण्याआधी बॅटरीचा कंटेनर गाडीतून काढून बाजूला ठेवा. चालू हाय व्होल्टेजवर स्वतःच्या आवारात पाण्याचा प्रयोग अजिबात नको. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावताना आयएमडी आणि इन्व्हर्टर वेगळे करा, नाहीतर तेच जळतील. एकेक भाग सुटा करून मोजलं की दोषी तुकडा सापडतो.

बाकी, डिझाइन, कॉस्ट आणि बिझनेस प्लॅनचे गुण ट्रॅकवर न जाताही मिळतात. एकूण १००० गुणांत एकट्या डिझाइनचे १५०. परीक्षकांनी तिथे काय लिहून दिलं, ते टीमसोबत बसून वाच.

आणि एक युक्ती, आमच्या मेकॅनिकल विभागाच्या एका मुलाने काढलेली : पाणी मारण्याआधी प्रत्येक रिकाम्या डब्यात, कडेकडेने, वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा. मग झाकण उघडून बघा, कुठली पट्टी ओली झाली. आमची डाव्या कोपऱ्यातली झाली होती, जिथे सिलिकॉन सगळ्यात जास्त होतं.