६९ची झेड/२८ की बॉस ३०२?

संग्रहातली पहिली मसल कार (दणकट इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी) म्हणून शेव्हरोलेची १९६९ची कॅमॅरो झेड/२८ घेऊ की त्याच साली निघालेली फोर्डची मस्टँग बॉस ३०२, असं तुम्ही विचारलंय. मी बॉस घ्या म्हणेन. वेगासाठी नव्हे, गाडी अस्सल आहे हे तिच्यात सिद्ध करता येतं म्हणून.

पळायला दोघी तुल्यबळ. अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतींत इंजिनाला ५ लिटरची मर्यादा होती, आणि शर्यतीत उतरायचं तर तशी गाडी शोरूममध्येही विकावी लागे. त्यातून ही दोन्ही ३०२ घन इंची इंजिनं आली. शेव्हीने, म्हणजे शेव्हरोलेने, आपल्या ३२७ घन इंची इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि २८३चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) जुळवला, फोर्डने छोट्या ब्लॉकवर आपल्याच क्लीव्हलँड इंजिनाच्या घराण्यातली हेड्स (सिलिंडरवरची झाकणं) चढवली. दोघांनीही ताकद २९० हॉर्सपॉवरच सांगितली. खरी त्याहून बरीच जास्त.

आता मुख्य मुद्दा. बॉसच्या व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, पाचवं अक्षर ‘जी’ असतं, म्हणजे इंजिन तिथेच कळतं. शिवाय १९६७पासूनच्या फोर्डची कारखान्यातली नोंद मार्टी रिपोर्ट नावाच्या दाखल्यातून मिळते. कॅमॅरोचा व्हीआयएन फक्त व्ही८ आहे एवढंच सांगतो. त्यामुळे साध्या कॅमॅरोला पट्टे आणि बिल्ले लावून झेड/२८ म्हणून खपवणारे पुष्कळ.

मी स्वतः एकदा अशीच गाडी बघायला गेलो होतो. रंग, पट्टे, आतली सजावट, सगळं देखणं. अल्टरनेटरच्या आड, उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर जी सपाट जागा असते, तिथे टॉर्च मारला. झेड/२८च्या इंजिनाचा ‘डीझेड’ कोड ठसठशीत होता, पण कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा गायब. जागा घासून नवे आकडे ठोकलेले. मी तसाच परत आलो.

बॉसमध्येही बघण्यासारखं आहे. पुढच्या शॉक टॉवरच्या (शॉक ॲब्सॉर्बर जिथे बसतो त्या भागाच्या) वेल्डिंगला तडे आहेत का ते बघा, आणि इंजिन कधी उघडलं होतं ते विचारा, कारण मुळातल्या पिस्टनचे स्कर्ट, म्हणजे खालच्या कडा, तडकायचे. सुटे भाग कॅमॅरोचे सहज मिळतात, बॉसचे महाग पडतात. १९६९मध्ये बॉस ३०२ निघाल्या जेमतेम १,६२८, आणि झेड/२८ वीस हजारांवर.

कॅमॅरोवरच जीव जडला असेल तर मूळ विक्रीची कागदपत्रं आणि प्रोटेक्ट-ओ-प्लेट (गाडीसोबत मिळणारी वॉरंटीची धातूची पट्टी) असलेलीच शोधा, चार पैसे जास्त गेले तरी. आणि गाडी बघायला जायचं तिकीट काढण्याआधी त्या सपाट जागेचा जवळून काढलेला फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर जाऊच नका.