बेसबॉलमध्ये बॅटर आणि कॅचर एकमेकांवर आदळले तर चूक कोणाची?

तुम्ही विचारलंय, की बॅटर आणि त्याच्या मागे बसून चेंडू पकडणारा कॅचर यांच्या अशा टकरीत पंच कधी बॅटरला बाद देतात, कधी त्याला फुकट पहिला बेस (धाव पुरी करायच्या वाटेवरचा पहिला टप्पा) देतात, तर कधी काहीच देत नाहीत. मग नियम आहे तरी काय? मी इथे अमेरिकेत मुलांच्या सामन्यांत पंचगिरी करतो. हे तिन्ही निर्णय मी दिलेत आणि तिन्ही नियमाला धरूनच असतात.

कोण कोणावर आदळलं, यापेक्षा त्या क्षणी हक्क कोणाचा होता हे आम्ही बघतो.

येणारा चेंडू मारायचा हक्क बॅटरचा. बॅट फिरताना कॅचरच्या ग्लोव्हला लागली तर चूक कॅचरची आणि बॅटरला पहिला बेस. क्रिकेटमध्ये कीपरचे ग्लोव्हज यष्टींपुढे आले तर नो बॉल देतात, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेतल्या मेजर लीगमधल्या जॅकोबी एल्सबरी या खेळाडूला असा बेस कारकिर्दीत 31 वेळा मिळाला, त्यातले 12 एकट्या 2016 मध्ये!

चेंडू कॅचरच्या हातात गेला की हक्क फिरतो. रनर, म्हणजे आधीच बेसवर पोचलेला खेळाडू, बेस चोरायला (फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठायला) पळालाय, कॅचर चेंडू फेकतोय आणि बॅटर आपल्या उभं राहायच्या चौकटीबाहेर येऊन आडवा आला, तर बॅटर बाद. ‘मुद्दाम नाही केलं’ ही सबब चालत नाही. मात्र त्या फेकीवर रनर बाद झालाच, तर बॅटर वाचतो.

खरी पंचाईत बंटच्या वेळी होते, म्हणजे बॅटर बॅट न फिरवता चेंडू नुसता हलकेच टेकवतो तेव्हा. चेंडू बॅटरजवळच्या प्लेटसमोरच पडतो. कॅचर त्याच्याकडे झेपावतो, बॅटर पहिल्या बेसकडे निघतो. हक्क दोघांचाही. 1975 च्या वर्ल्ड सिरीजमधला (मेजर लीगच्या अंतिम मालिकेतला) तिसरा सामना, सिनसिनाटीत, 5-5 अशी बरोबरी, दहावी इनिंग. सिनसिनाटीच्या एड आर्मब्रिस्टरने बंट केला, क्षणभर घुटमळला आणि बॉस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क त्याच्यावर आदळला. फिस्कची दुसऱ्या बेसकडची फेक चुकून थेट सेंटर फील्डमध्ये, म्हणजे बेसच्या पार मागे गेली. बॉस्टनने जीव तोडून दाद मागितली, पण पंच लॅरी बार्नेट ठाम राहिले: अडथळा नाही. थोड्याच वेळात जो मॉर्गनच्या फटक्यावर सिनसिनाटीने सामना 6-5 असा जिंकला.

ते चित्रण मी कितीदा तरी पाहिलंय. आर्मब्रिस्टर घुटमळला खरा, पण त्याने ढकललं नाही, हात आडवा घातला नाही. मला बार्नेट यांचा निर्णय पटतो. आज नियमपुस्तकातली टीपही हेच सांगते: चेंडू उचलणारा कॅचर आणि पहिल्या बेसकडे निघालेला बॅटर भिडले तर साधारणपणे कोणाचाच दोष धरू नये.

अशा वेळी मी दोन्ही हात आडवे पसरून मोठ्याने ‘दॅट्स नथिंग’ म्हणतो, म्हणजे दोन्ही कोचना कळतं की टक्कर मी पाहिली आहे आणि खेळ चालू आहे.