फवारे बदलण्याआधी गाळणी उघडा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: नाशिकजवळच्या बंगल्यासमोर सुमारे दीड हजार चौरस फुटांचे लॉन आहे, तीन वर्षांपूर्वी पॉप-अप स्प्रिंकलर (पाणी सुरू झाले की जमिनीतून वर येणारे फवारे) बसवले, पाणी बोअरचे आहे, आता शेवटच्या ओळीतले फवारे पुरते वर येत नाहीत, मधेच गवत पिवळे पडते, आणि ज्यांनी काम केले ते सगळे फवारे बदलून वार्षिक देखभालीचा करार करा म्हणतात. माझ्या घरी अशीच व्यवस्था अकरा वर्षे चालू आहे, आणि पहिली दोन वर्षे मीही फवारेच बदलत बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक वेळा दोष फवाऱ्यात नसतो, फवाऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यात असतो. त्यामुळे सुरुवात पंपाजवळच्या फिल्टरपासून करावी. आपल्याकडे बहुधा डिस्क फिल्टर, म्हणजे एकावर एक रचलेल्या खाचांच्या चकत्यांची गाळणी असेल. पंप बंद करून आणि दाब उतरवून त्याचे झाकण उघडा, चकत्या सैल करा आणि जुन्या टूथब्रशने प्रत्येक चकतीच्या खाचा वाहत्या पाण्याखाली घासा. बोअरला बारीक रेती येत असेल, तर उन्हाळ्यात हे काम दर आठवड्याला करावे लागते. फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक दाबमापक बसवून घेतल्यास अंदाजाने काही करावे लागत नाही: दोन्ही काट्यांमध्ये अर्ध्या किलोहून (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब) अधिक फरक दिसला, की फिल्टर धुवायचा. द्राक्षबागेला ठिबक असलेला आपला कोणीही शेजारी हे आपल्याला झोपेतही सांगेल.

फिल्टर स्वच्छ असूनही शेवटचे फवारे उठत नसतील, तर ती ओळ चालू असताना दाब पाहा. स्थिर नोझलच्या पॉप-अपला सुमारे दोन किलो दाब लागतो, धार गोल फिरवत पाणी टाकणाऱ्या रोटरला त्याहून जास्त. गच्चीवरच्या टाकीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की दहा मीटर उंचीला जेमतेम एक किलो दाब मिळतो, म्हणजे दुमजली घराची टाकी या कामाला पुरत नाही. उलट दाब फार वाढला तर पाण्याचे थेंब न पडता धुके होते आणि ते वाऱ्यावर शेजाऱ्यांच्या मोटारीवर जाते. दाब अचानक घटला असेल, तर वाटेत एखादा फवारा बुडाशी फुटलेला असण्याची शक्यता अधिक. मोव्हरच्या पात्याने तसे बऱ्याचदा होते, आणि त्या जागी गवत मात्र सर्वांत हिरवेगार दिसते.

आता पिवळ्या डागांविषयी. आपण लॉनवर दरवर्षी लाल माती आणि शेणखत पसरवत असाल. त्या थराने जमीन हळूहळू वर येते, फवारा मात्र होता तिथेच राहतो, आणि तीन वर्षांत त्याचे तोंड इंच-दीड इंच खाली जाऊन पाण्याची धार जवळच्याच गवतावर आपटते. पलीकडचे गवत तहानलेले राहते. फवाऱ्याभोवतीची माती काढून तो उचलून घ्यावा, म्हणजे त्याची टोपी जमिनीशी सपाट येईल. लहान जोडनळी वापरली तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. नोझलवर पांढरा क्षार दिसत असेल, तर ते काढून त्याखालच्या छोट्या जाळीसह रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा. तारेने किंवा सुईने छिद्र कोरू नका, त्याने धारेचा आकार कायमचा बिघडतो. फवाऱ्याचा वर येणारा दांडा अडकतो म्हणून तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोहही टाळावा. त्याला रेती चिकटते आणि सील लवकर खराब होते.

पाणी सगळीकडे सारखे पडते का, हे पाहण्यासाठी सरळ उभ्या कडांचे आठ-दहा एकसारखे डबे लॉनवर ठेवून दहा मिनिटे फवारे चालवा आणि शाळेच्या पट्टीने पाणी मोजा. समजा सरासरी सहा मिलिमीटर भरले, आणि वैशाखात गवताला दिवसाला चार-पाच मिलिमीटर लागते असे धरले, तर सात-आठ मिनिटे पुरेत. काळी माती एवढे पाणी एका दमात पीत नाही, म्हणून तेवढा वेळ दोन टप्प्यांत, मध्ये अर्धा तास थांबून द्यावा. काही फवारे रोटरने बदलायचा सल्ला कोणी दिला, तर त्याच ओळीत दोन्ही प्रकार मिसळू नका. रोटर तेवढ्याच वेळात कितीतरी कमी पाणी देतो.

व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सखल भागातला फवारा दोन-तीन मिनिटे झिरपला, तर ते पाइपातले उरलेले पाणी असते. तासभर झिरपत राहिला, तर व्हॉल्व्हच्या डायाफ्रामखाली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी पडद्याखाली, काहीतरी अडकले आहे. माझ्याकडे एक ओळ थांबतच नव्हती. चार स्क्रू काढून पाहिले तर पीव्हीसी पाइप कापताना निघालेला नखाएवढा वळलेला किस बैठकीवर बसला होता. नवा व्हॉल्व्ह घ्यायला मी निघालोच होतो.

पावसाळ्यात टायमर बंद ठेवा, पण दर पंधरवड्याला प्रत्येक ओळ दोन मिनिटे चालवा, नाहीतर सील चिकटतात आणि व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये मुंग्या घर करतात. ऑक्टोबरात पुन्हा सुरू करताना प्रत्येक ओळीचे शेवटचे नोझल काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या.

स्प्रिंकलर पहाटे पाच वाजता, आपण झोपलेले असताना चालतो, आणि वेळ म्हणून ती योग्यच आहे, परंतु त्यामुळे त्याचे दुखणे गवत पिवळे पडल्यावरच कळते. महिन्यातून एकदा उजेडात प्रत्येक ओळ हाताने चालू करून तिच्या कडेने चालत जा. वार्षिक कराराबद्दल विचाराल, तर वर्षातून तीन फेऱ्या मारणारा माणूस दर आठवड्याचा फिल्टर धुऊ शकत नाही. ते पैसे दोन दाबमापकांना आणि माळ्याला हे काम शिकवायला वापरावेत. फिल्टर धुतल्यावर दोन्ही काट्यांचे आकडे आणि एका ओळीवर किती फवारे आहेत ते कळवा, म्हणजे ओळ दोन भागांत तोडावी लागेल का ते सांगता येईल.